चार फुल्या

खिळेमास्तरांनी उभ्या आयुष्यात भिंतीत एक खिळा ठोकला नव्हता, आणि मास्तर म्हणावं तर शाळेत ते सातवीच्या पुढे गेले नव्हते. खिळे म्हणजे छापखान्यातले, शिशाचे. एकेका खिळ्याच्या डोक्यावर एकेक अक्षर, तेही उलटं. खिळ्याला खिळा लावून ओळ जुळवायची, ओळीखाली ओळ बसवून पान उभं करायचं, चौकटीत घट्ट आवळायचं, हे काम ते चाळीस वर्षं करत आले होते. कॉम्प्युटर आल्यावर मधली दहा-बारा वर्षं त्यांना कोणी विचारलं नाही. मालकानं त्यांना पावतीपुस्तकं शिवायला बसवलं. मग लढाई लागली. वीज दिवसाकाठी दोन तास येऊ लागली, तीही तिची लहर लागली तर, आणि कोपऱ्यात गोणपाटाखाली झोपलेलं पायानं चालवायचं ट्रेडल मशीन पुन्हा पुसूनबिसून पुढं आलं. मशीनबरोबर मास्तरही पुढं आले.

"जुनं ते सोनं, मास्तर," मालक म्हणाला.

"सोनं कसलं, शिसं," मास्तर म्हणाले.

पुढं तोफांचा आवाज जवळ आला तसा मालक बायकापोरांना घेऊन मेहुण्याच्या गावी निघून गेला आणि किल्ल्या मास्तरांच्या हातात आल्या. तेव्हापासून छापखान्यात ते एकटेच.

चाळीस वर्षं अक्षरं उलटी वाचली की माणसाचा स्वभावही उलटा होतो, असं त्यांची बायको म्हणायची. तिला म्हणायला कारण होतं. एकुलता एक मुलगा, त्यानं लग्न केलं ते पुलापलीकडच्या मुलीशी, आणि लग्नानंतर तो तिच्या चर्चमध्ये जाऊ लागला. मास्तरांचं चर्च म्हणजे गावातलं मोठं, दगडी. पुलापलीकडचं चर्च म्हणजे जुन्या गोदामावर घातलेला पत्रा, आणि आत ढोलकं. "देवाला काय कमी ऐकू येतं?" मास्तर म्हणाले. मुलगा म्हणाला, "तुमच्या चर्चमध्ये देव झोपलाय, बाबा." झालं. एवढ्या एका वाक्यावरून दोन वर्षं बोलणं बंद. मुलगा सैन्यात गेला तेव्हा आईला भेटायला आला. मास्तर त्या वेळी आतल्या खोलीत वर्तमानपत्र वाचत बसले होते. वाचत कसले, एकच ओळ तिसऱ्यांदा. सुंभ जळतो पण पीळ जळत नाही, तशातली गत.

मुलाची पत्रं आईच्या नावानं यायची. शेवटचं येऊन सहा आठवडे झाले होते.

लढाईनं एक गोष्ट मात्र केली. एरवी एकमेकांच्या दारावरून जाताना मान वळवणारी गावातली चार चर्चं शांतीसाठी एकत्र प्रार्थना करायला तयार झाली. त्यासाठी पाळकांच्या तीन बैठका झाल्या. पहिली बैठक, पुढच्या बाकावर कोणी बसायचं. दुसरी, गाणी कोणाच्या पुस्तकातली. तिसऱ्या बैठकीच्या वेळी स्टेशनावर बॉम्ब पडला आणि सगळं पाच मिनिटांत ठरलं. रविवारी दुपारी चार वाजता, दगडी चर्चमध्ये. पूल लष्करानं बंद ठेवला होता, तो पलीकडच्या लोकांसाठी तेवढ्या दिवशी सहापर्यंत उघडा राहणार होता. गावातून लढाईवर गेलेल्या सगळ्यांची नावं एका कागदावर छापायची: वरच्या अर्ध्यात जे लढताहेत ते, खालच्या अर्ध्यात जे गेले ते. कागदाची टंचाई होती, तेव्हा दर बाकाला एकच प्रत. चर्चांनी आपापल्या याद्या बुधवारपर्यंत खिळेमास्तरांकडे द्यायच्या.

तीन चर्चांच्या याद्या आल्या त्या सरळ दोन भागांत लिहून आल्या. चौथी, पुलापलीकडची, बुधवारी सकाळी दूधवालीनं आणली. रोज पूल ओलांडायचा पास त्या बाजूच्या फार थोड्या लोकांकडे होता, त्यात ही एक. कॅन खाली ठेवून तिनं पोलक्यातून घडीचा कागद काढला.

"आमच्या पाळकांनी दिलंय. भिजला नाही ना बघा. माझ्या पोराचं नाव आहे ना त्यात?"

दूधवालीला वाचता येत नव्हतं. मास्तरांनी कागद उलगडला. एकच यादी, बारा नावं. बारातल्या चार नावांपुढं फुली. त्या चारांत तिसरं नाव दूधवालीच्या मुलाचं होतं, आणि चौथं त्यांच्या स्वतःच्या मुलाचं.

छापखान्यात नावापुढं फुली म्हणजे काय, हे मास्तरांना कोणी सांगायला नको होतं. वार्षिक अहवाल, शाळांची स्मरणपुस्तकं, संस्थांच्या सभासदांच्या याद्या, सगळ्या त्यांनी जुळवल्या होत्या. जिथं फुली, तिथं माणूस गेलेला. फुलीचा खिळासुद्धा वेगळ्या खणात असायचा, आणि तो खण कुठला हे ते डोळे मिटून सांगू शकले असते.

"आहे ना?" दूधवालीनं पुन्हा विचारलं.

"आहे."

"कुठं? दाखवा तरी."

मास्तरांनी कागद तिच्यापुढं धरला. एका बोटानं नाव दाखवलं, आणि पुढची फुली अंगठ्याखाली झाकली. तिनं ते नाव कौतुकानं पाहिलं, "एवढुसं आहे हो," म्हणाली, आणि कॅन उचलून गेली.

इथं खरं तर मास्तरांच्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पोटचा पोर गेला तर आई अशी हसत दूध घालत फिरेल का? पण भ्यालेल्या माणसाचं डोकं चालतं ते एकाच दिशेला. त्यांना वाटलं, बिचारीला अजून सांगितलेलं नाही. रविवारी चारचौघांत, देवासमोर, सांभाळायला माणसं असताना सांगणार असतील. आणि मग दुसरीच गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. दूधवालीला सांगितलं नाही, तसं आपल्यालाही सांगितलेलं नाही. तार आली असेल ती सुनेकडे. मुलानं पत्ता बदलला असेल, बदलणारच. आणि सुनेनं बापाला कळवायचीसुद्धा गरज मानली नाही.

राग आला की भीती थोडी कमी होते, म्हणून त्यांनी तो राग धरून ठेवला. दूधवालीच्या हाती सुनेला दोन ओळींची चिठ्ठी पाठवता आली असती. गुरुवारी सकाळी त्यांनी चिठ्ठी लिहिलीही. "सूनबाईस, यादीतल्या त्या खुणेचा अर्थ" एवढं लिहून थांबले. अर्थ विचारला तर उत्तर येईल. उत्तर आलं की खरं होईल. आत्ता तो फक्त एक कागद होता. चिठ्ठी त्यांनी चुलीत घातली.

"काय जाळलंत?" बायकोनं विचारलं.

"प्रूफ. बिघडलेलं."

बायको खिडकीशी बसून होती. आजकाल ती तिथंच बसायची, भाजी निवडायचं निमित्त करून. पोस्टमनची सायकल कोपऱ्यावर वळली की तिचे हात थांबायचे. पत्र आणि तार एकाच पिशवीतून येतात, म्हणून ती त्याची वाट पाहायची आणि तो दारावरून पुढं गेला की देवाचे आभारही मानायची. तो गेल्यावर म्हणायची, "आज काही नाही." मग थोड्या वेळानं, "काही नाही हे बरंच की हो?"

"हो," मास्तर म्हणायचे.

तीन दिवस ते सांगायचं ठरवत राहिले. जेवताना ठरवलं, तर तिनं मुलाच्या लहानपणचा कसला तरी किस्सा काढला. संध्याकाळी ठरवलं, तर भोंगा झाला आणि दोघं जिन्याखाली जाऊन बसली. तिथं अंधारात तिनं त्यांचा हात धरला होता. तेव्हा सांगणं तर शक्यच नव्हतं. माणसाला तोंडानं बोलायची सवय लागते तशी न बोलायचीही लागते, आणि मास्तरांना चाळीस वर्षांत ती पक्की लागली होती. जे सांगायचं ते छापून सांगायचं. शेवटी त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं की दूधवालीचं होईल तेच आपलं. पाळक वाचतील. भोवती माणसं असतील. कोणी पाणी देईल, कोणी धरेल. आपल्याला एकट्यानं तिला धरायला लागणार नाही. हे भित्रेपण होतं, आणि त्यांना ते ठाऊक होतं.

शनिवारी त्यांनी पान जुळवलं. बाकीची नावं झरझर झाली. मुलाच्या नावाला वेळ लागला. नाव लहानसं, आडनाव धरून सहा खिळे. त्यांनी एक खिळा उचलावा, डोळ्यांजवळ न्यावा, पुन्हा खणात टाकावा. अक्षर झिजलेलं नको होतं. सहाच्या सहा खिळे नवे, स्वच्छ, कडा धारदार असे निवडून त्यांनी ती ओळ खालच्या अर्ध्यात, शेवटी बसवली. मग चौकट आवळली, शाई लावली आणि साठ प्रती काढल्या. प्रत्येक वेळी पाय खाली गेला की मशीन धप्प वाजायचं, आणि साठही वेळा ते दचकले.

रविवारी दगडी चर्च असं भरलं की उभं राहायला जागा नव्हती. खिडक्यांच्या काचांवर कागदाच्या पट्ट्या चिकटवलेल्या, त्यामुळे आत दुपारीही संध्याकाळ झाल्यासारखी. डाव्या बाजूला पुलापलीकडचे लोक, ढोलकं न आणता, पाहुण्यासारखे अंग चोरून. त्यात सून होती. मास्तरांनी बायकोला बाकाच्या भिंतीकडच्या टोकाला बसवलं, छापील कागद दुसऱ्या टोकाला राहील असं. कागद सगळ्याच बाकांवर पालथे ठेवले होते, नावं वाचून झाल्यावर उलटायचे म्हणून. सून रडवेली दिसते का, हे ते चोरून बघत होते. ती रडत नव्हती. निगरगट्ट, त्यांना वाटलं.

शांतीसाठी पहिली प्रार्थना झाली. लांब कुठं तरी गडगड चालूच होती, आणि पाळक प्रत्येक वाक्यानंतर क्षणभर थांबून कानोसा घेत होते. मग ते म्हणाले, "आता आपल्यातून जे गेले त्यांची नावं. कृपा करून शांत राहा."

एकेक नाव, आणि प्रत्येक नावाला कुठून तरी हुंदका. रडणं अपेक्षितच होतं, म्हणून कोणी थांबलं नाही. पुलापलीकडच्या चारांतलं पहिलं नाव आलं तेव्हा डाव्या बाजूनं "अरे?" असा आवाज आला. दुसऱ्या नावाला एक बाई उभी राहिली आणि तशीच खाली बसली. पाळकांनी डोळे वर न करता तिसरं नाव वाचलं, आणि दूधवाली ओरडली. शब्द नव्हता त्यात. पाळक घाबरले, लवकर संपवावं म्हणून त्यांनी चौथं नावही वाचून टाकलं.

मास्तर बायकोला धरायला वळले. ती रडत नव्हती, पडतही नव्हती. त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"तुम्हाला माहीत होतं," ती म्हणाली.

तेवढ्यात सून बाकांमधून, माणसांच्या गुडघ्यांवरून, अक्षरशः तुडवत त्यांच्यापर्यंत आली. तिनं त्यांच्या कोटाची बाही धरली. "तार कधी आली? बाबा, तार कधी आली? सैन्याला दिलेला पत्ता तुमचाच आहे, तार तुमच्याकडेच येणार होती. तुम्ही मला छापून सांगता?"

"माझ्याकडे?" मास्तरांना वाटलं आपण भलतंच ऐकतोय. "माझ्याकडे कुठं? तुमच्याच यादीत होतं. फुली होती नावापुढं."

"कसली फुली?"

त्यांनी खिशातून तो घडीचा कागद काढला. चार दिवस तो खिशातच होता. सुनेनं तो बघितला, एकदा, दोनदा, आणि तिचा आवाजच फाटला. "ही फुली नाही हो, बाबा. हा क्रूस आहे. आमच्यात ज्याचं महिनाभर पत्र येत नाही त्याच्यापुढं क्रूस काढतात. त्याच्यासाठी जास्त प्रार्थना करायची म्हणून."

"म्हणजे तार..."

"कोणालाच आली नाही! कोणाला काहीच माहीत नाही!"

माणसं भोवती गोळा झाली होती. बातमी बाकांवरून पुढं सरकली, मेले नाहीत, चूक आहे, छापखान्याची चूक. कोणी देवाचे आभार मानले, कोणी मास्तरांना शिव्या दिल्या, चर्चमध्ये. दगडी चर्चच्या पाळकांनी कागदाचा बोळा केला. पुलापलीकडचे म्हातारे पाळक कानाला हात लावून "काय झालं, काय झालं?" विचारत फिरत होते. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. मास्तरांनी मनात चिंतलं, एवढ्यावर न थांबता त्याच्या साठ प्रती काढल्या होत्या.

आणि आनंद झाला का? क्षणभर झाला. ते मटकन बाकावर बसले. पण मुलगा गेलेला नाही असं कोणी म्हटलं नव्हतं. कोणाला माहीत नाही, एवढंच म्हटलं होतं. चार दिवस त्यांनी एकट्यानं जी भीती बाळगली होती ती आता बायकोच्याही तोंडावर होती, आणि आता त्या भीतीला अंत नव्हता.

दूधवाली मात्र कोणाचं ऐकत नव्हती. शेजारच्या दोन बायकांनी तिला समजावलं, पाळकांनी समजावलं. ती एकच म्हणत होती, "छापलंय ना पण? छापलेलं खोटं कसं असेल?" मग ती मास्तरांपुढं येऊन उभी राहिली. "तुम्ही मला नाव दाखवलं होतं. अंगठा ठेवला होता तुम्ही. का ठेवला होता?"

मास्तरांनी तो अंगठा मुठीत दडवला.

"काढा त्याला तिथून," ती म्हणाली. "माझ्यासमोर काढा. आत्ता."

पाळकांनी सांगितलं की सगळ्यांनी बसून राहावं, कागद नवा येईपर्यंत आपण गाऊ. कोणाच्या पुस्तकातलं गायचं, हे कोणी विचारलं नाही. पूल सहाला बंद होणार होता आणि पाच वाजले होते. मास्तर निघाले. मागून दूधवाली, सून, आणि सगळ्यांच्या मागं बायको. छापखाना दोन गल्ल्या सोडून. रस्ता मोकळा, दुकानांच्या फळ्या लावलेल्या, आणि गडगड आता लांबची राहिली नव्हती, डाव्या अंगानं येत होती.

चौकट मशीनवर तशीच होती. मास्तरांनी ती उतरवून पान आवळायच्या सपाट दगडावर ठेवली आणि किल्लीनं सैल केली. "हे तुमचं," ते दूधवालीला म्हणाले आणि तिच्या मुलाची ओळ दाखवली. शिशाची, काळी, उलटी.

"हे?"

"हे. आता बघा." त्यांनी दोन्ही हातांच्या बोटांत ती ओळ दोन टोकांनी दाबून धरली, अखंड उचलली आणि वरच्या अर्ध्यात नेऊन बसवली. दूधवालीनं वाकून पाहिलं. वरून मोजलं, खालून मोजलं. नावापुढं बोट ठेवून विचारलं, "इथं काही नाही ना आता?"

"काही नाही."

ती कागदाच्या गठ्ठ्यावर बसली आणि तेव्हा कुठं तिला रडू फुटलं. मास्तरांनी पहिल्या दोघांच्या ओळीही वर नेल्या. हात नीट चालत होते. आता एकच राहिली. बायको दाराशी उभी होती. सून दगडाच्या पलीकडच्या बाजूला, त्यांच्या बोटांकडे बघत. मास्तरांनी ओळ दाबून धरली, उचलली, आणि ती हवेत असतानाच जवळच कुठं तरी इतका मोठा स्फोट झाला की खिडकीची काच पट्ट्यांसकट आत आली.

कोणाला लागलं नाही. पण मास्तरांच्या बोटांत काही उरलं नव्हतं. ओळ फुटून जमिनीवर सांडली होती.

पहिली खाली बसली ती बायको. तिनं पदरानं काचा बाजूला केल्या आणि एक खिळा उचलून दगडावर ठेवला. सुनेनं दोन उचलले. मशीनच्या पायाशी एक, दूधवालीच्या चपलेजवळ एक. पाच झाले. सहावा सापडेना. मशीनखाली बघितलं, खिळ्यांच्या खणांच्या कपाटाखाली बघितलं. बाहेर भोंगा सुरू झाला. माणसं पळत असल्याचा आवाज आला. दूधवाली दाराकडे धावली, थांबली, आणि परत आली.

"राहू दे," मास्तर म्हणाले. "त्या अक्षरानं खण भरलाय माझा. शंभर आहेत. दुसरा लावतो. चला, आधी मागच्या जिन्याखाली चला."

सुनेनं मान वर केली नाही. तळहातानं जमीन चाचपत ती मशीनखाली आणखी आत सरकली.

"दुसरा नको," ती म्हणाली. "त्याचाच पाहिजे."

बायकोही उठली नाही. मास्तर दगडाला धरून हळूहळू गुडघ्यांवर बसले, चष्मा कपाळावर सारला आणि त्या दोघींच्या शेजारी मशीनखालच्या अंधारात हात घालून शोधू लागले.